साहित्यिक कुणाला म्हणायचं यावर इतकं भांडण कशाला?

साहित्य संमेलन जवळ आलं की आमच्या मराठी ग्रुपवर तोच वाद पेटतो, फेसबुकवर कविता टाकणाऱ्याला साहित्यिक म्हणायचं का. यंदा तर एकाने ठणकावून लिहिलं की पुस्तक निघेपर्यंत माणूस फारतर लेखक, साहित्यिक नव्हे! इथे जर्मनीत बसून ते वाचताना गंमतही वाटते आणि वैतागही येतो.

मला विचाराल तर आपल्याकडे लेखक हे काम आहे आणि साहित्यिक हा हुद्दा. कुठलीही कार्यक्रमपत्रिका बघा ना, वर ठळक टायपात ज्येष्ठ साहित्यिक, मग सुप्रसिद्ध कवयित्री, आणि तळाला बारीक अक्षरात नवोदितांची रांग, त्यातले काहीजण तीन-तीन पुस्तकं येऊनही नवोदितच. पेपरवाले संमेलनापुरते सगळ्यांना सरसकट सारस्वत करून टाकतात, मांडव उतरला की कोण विचारतंय.

आणि हे आजचं नाहीये. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी पुण्यात सभा भरवली ती ग्रंथकारांची. १८८५ च्या सभेचं बोलावणं जोतीराव फुल्यांना गेलं तेव्हा त्यांनी सरळ नकार कळवला, अशा सभा भरवणाऱ्यांसाठी 'घालमोड्या दादा' हा त्यांचा शब्द त्याच पत्रातला. गुणवत्ता वगैरे सोडा, जे सगळ्या माणसांना माणसाचे हक्क द्यायला तयार नाहीत त्यांच्यात आम्ही कशाला मिसळायचं, असा तो रोखठोक सवाल होता. पुढे अण्णाभाऊ साठ्यांचं बघा. १९५८ ला मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांनी केलं, फकिरा धरून तीसच्या वर कादंबऱ्या लिहिल्या, तरी आपल्या तोंडी आधी येतं ते लोकशाहीर. शाहिरी काही कमी नाही हो, पण कादंबरीकार म्हणताना जीभ अडखळते ती का?

इथे जर्मनीत सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. जर्मनांचाही 'डिष्टर' (थोर कवी-साहित्यिक) हा मखरात बसवलेला शब्द आहेच, आणि लेखक-लेखिका दोघांना मिळून एकच शब्द कसा लिहायचा यावर हे लोक तासन् तास भांडू शकतात (त्या बाबतीत आपला साहित्यिक बरा, बाई-पुरुष दोघांना चालतो). पण टॅक्सच्या कायद्यात लेखन हा डॉक्टर-वकिलासारखाच स्वतंत्र व्यवसाय धरलाय. शिवाय १९८३ पासून कलाकार आणि लेखकांसाठी वेगळी सामाजिक विमा योजना आहे, हेल्थ इन्शुरन्स आणि पेन्शनचा साधारण निम्मा हप्ता लिहिणाऱ्याने भरायचा, उरलेला प्रकाशकांसारख्या काम घेणाऱ्यांकडून आणि सरकारकडून येतो. तिथे तुमचा हुद्दा कुणी विचारत नाही, लेखनातून कमाई किती ते विचारतात. कोरडं वाटेल, पण मला हे जास्त सन्मानाचं वाटतं.

आमच्या ग्रुपवर मात्र मानधनाचा विषय निघाला की लगेच शांतता. त्या पत्रिकेतल्या तळाच्या नवोदितांना निदान येण्याजाण्याचं भाडं तरी मिळतं का, एवढी चौकशी कुणी करत असेल तर मला टॅग करा, मग साहित्यिक कुणाला म्हणायचं त्यावर हवं तेवढं भांडू.