दुसऱ्या वर्षात सोबत हवी असते

परवा रात्री एका मैत्रिणीचा मेसेज आला. वजन कमी करायचं ऑपरेशन होऊन तिला दीड वर्ष झालंय. तिने लिहिलं होतं, "काटा परत वर चाललाय गं. 3 किलो वाढले. डॉक्टरांकडे जायची तारीख होती, गेलेच नाही. कुठल्या तोंडाने जाऊ?"

मी तिला लगेच फोन केला. तासभर बोललो आम्ही. साडेतीन वर्षांपूर्वी माझ्याही मनात अगदी हेच होतं, फक्त मी ते कुणालाच बोलले नव्हते. त्या तासाभरात तिला जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवतेय. पोस्ट लांबणार आहे, पण ज्यांचं ऑपरेशन झालंय किंवा ज्यांच्या घरात कुणाचं झालंय त्यांनी वेळ काढून वाचा.

माझं बायपास झालं, हृदयाचं नव्हे, जठराचं. त्याला आता पाच वर्षं होतील. त्यात जठराच्या वरच्या टोकाची साधारण 30 मिलीची छोटी पिशवी करतात आणि ती लहान आतड्याच्या थोड्या पुढच्या भागाला जोडतात. मैत्रिणीचं स्लीव्ह झालंय. त्यात जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी उरते. पोट लहान होतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यासोबत भुकेचं रसायनही बदलतं. भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या भागात तयार होतं, तोच भाग स्लीव्हमध्ये निघून जातो. बायपासनंतरही भुकेचे आणि पोट भरल्याचे संदेश बदलतात. सुरुवातीचे कित्येक महिने मला भूक अशी लागायचीच नाही. घड्याळ बघून खायचं, चमचाभर खाल्लं की पुरे.

म्हणून "ऑपरेशन केलं म्हणजे सोपा मार्ग धरला" असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. अजूनही वाटतं. त्या माणसाने माझा एक दिवसही पाहिलेला नसतो.

आधी पातळ, मग दाट, मग कुस्करलेलं, मग मऊ, असं करत साध्या जेवणापर्यंत यायला मला दोन महिने लागले. मऊ खाण्याच्या आठवड्यात मी एकदा फोनवर बोलता बोलता अंडं खात होते. तिसरा घास नीट न चावता गिळला. छातीच्या हाडामागे कुणीतरी अंगठा दाबून धरावा तसं झालं. खाली सरकेना, वर येईना. तोंडात फेसाळ लाळ भरत राहिली. बेसिनला दोन्ही हातांनी धरून मी किती वेळ उभी होते, देव जाणे. नवरा मागे उभा राहून नुसता "पाणी देऊ का?" विचारत होता, आणि मला मानेनेच नाही म्हणावं लागत होतं, कारण त्या वेळी पाणी प्यायलं तर आणखी त्रास होतो. शेवटी तो घास वर आला तेव्हा मी तिथेच फरशीवर बसून रडले. एक घास चुकला होता, एवढंच. पण त्या दिवशी कळलं की आता जेवताना दुसरं काहीही करायचं नाही. फोन नाही, टीव्ही नाही. लहान चमचा, प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा, आणि चमचा खाली ठेवल्याशिवाय पुढचा घास घ्यायचा नाही.

पाण्याचंही तेच. जेवताना पाणी बंद, आणि जेवल्यावर अर्धा तास थांबायचं. दिवसभरात दीड-दोन लिटर तर पोटात जायला हवं, आणि एका वेळी जातात दोन-तीन घोटच. म्हणजे बाटली सतत हातात. पहिल्या वर्षी मी कुठेही गेले तरी आधी बाटली घेतली का ते बघायचे, मग घराची किल्ली.

गोळ्यांबद्दल एकदा स्पष्ट सांगते, कारण वर्षभराने बरेच जण त्या हळूच सोडून देतात. त्या जन्मभर घ्यायच्या असतात. मल्टिव्हिटॅमिन, बी12, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याच्या पहिल्या भागातून जातच नाही, आणि लोह-कॅल्शियम शोषण्याची मोठी जागा तीच. कॅल्शियम आणि लोह एकत्र घ्यायचं नाही, दोघांत किमान दोन तासांचं अंतर ठेवायचं. बी12 चा साठा शरीरात बराच काळ पुरतो, म्हणून गोळ्या बंद केल्या तरी लगेच काही जाणवत नाही. जाणवतं तेव्हा हातापायांना मुंग्या यायला लागलेल्या असतात. आणि उलट्या थांबतच नसतील तर घरी बसून राहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बी1 फार झटपट कमी होतं आणि त्याचा फटका थेट मेंदूला आणि नसांना बसतो.

दुखण्यावर घरात पडलेली गोळी घ्यायची सवयही सोडावी लागते. बायपासनंतर आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो. मी आता कुठल्याही डॉक्टरांकडे, दाताच्या सुद्धा, आधी हेच सांगते की माझं बायपास झालंय. दारूचंही सांगून ठेवते. ती पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते, आणि बायपासनंतर काही जणांना तिचं व्यसन लागण्याचा धोका वाढतो. हा धोका बहुतेकदा दुसऱ्या वर्षापासून पुढे दिसतो. हे दुसरं वर्ष लक्षात ठेवा, त्याच्याकडे येणारच आहे मी.

गोड खाऊन काय होतं तेही अनुभवलं. एका वाढदिवसाला केकचे दोन-तीन मोठे घास खाल्ले. वीस मिनिटांत ऊर धडधडायला लागलं, दरदरून घाम, पोटात कळा. पाहुण्यांना सोडून आतल्या खोलीत आडवी झाले. याला डम्पिंग म्हणतात. साखर जठरात न थांबता एकदम आतड्यात उतरते आणि शरीरातलं पाणी तिकडे ओढलं जातं. काहींना हा त्रास एक ते तीन तासांनी होतो, तेव्हा रक्तातली साखर खाली घसरलेली असते, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. मला कित्येकांनी सांगितलं की बरंच झालं, आता गोडाची भीती बसेल. भीतीने खाणं सुधारत नाही हो. भीतीने माणूस लपून खायला लागतो.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळायला लागले. न्हाणीघराच्या जाळीत पुंजकेच्या पुंजके. वजन झपाट्याने उतरलं आणि प्रथिनं कमी पडली की होतं असं, आणि बहुतेकांचे केस परत येतात, हे मला आधी सांगितलेलं होतं. तरी ते पुंजके हातात घेऊन उभं राहायला त्रास व्हायचाच. मग थंडी. मी कधीही थंडी वाजणारी नव्हते, आता सगळे पंख्याखाली बसले असताना मी शाल शोधते. लाकडी बाकावर बसलं की हाडं टोचतात. एकदा आंघोळ करताना मानेखाली काहीतरी टणक लागलं आणि मी घाबरले, गाठ वाटली. ते माझ्या गळ्याचं हाड होतं. वीस वर्षांत ते मी कधी हाताने चाचपलं नव्हतं.

आणि मन? शरीर 40 किलोंनी उतरलं तरी मन जुन्याच मापात राहतं. अजून मी दोन खुर्च्यांमधून जाताना आडवी होते. हाताच्या खुर्चीत बसण्यापूर्वी हात टेकवून अंदाज घेते. कपडे घेताना हात आपोआप मोठ्या मापाकडे जातो. पोटाची, दंडाची सैल कातडी कपड्यांखाली झाकली जाते, पण आरशापुढे ती असतेच. जे लोक पूर्वी माझ्याकडे न बघता पुढे जायचे ते आता हसून बोलतात. याचा आनंद व्हावा ना? मला राग आला. मी तीच होते की.

घरातही सगळं हललं. आमचं, म्हणजे माझं आणि नवऱ्याचं, एकत्र असणं म्हणजे एकत्र खाणं होतं. सुट्टीच्या दिवशी काहीतरी छान करायचं, पोटभर जेवायचं, गप्पा मारायच्या. मी चार घासांत उठायला लागले आणि तो एकटा पडला. माझ्यासमोर खायला त्याला अपराधी वाटायचं, मग तो स्वयंपाकघरात उभ्यानेच खाऊन घ्यायचा. आई वेगळ्याच काळजीत, "अगं, एवढंसं खाऊन कसं निभणार?" स्वीडनमधला एक अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला होता. ऑपरेशन झालेल्या जोडप्यांत वेगळं होण्याचं प्रमाण जास्त दिसलं, आणि एकट्या असलेल्यांत नवी नाती जुळण्याचंही. वाचून मला धक्का बसला नाही. आम्ही शेवटी जेवणानंतरच्या चालण्याला आमची गप्पांची वेळ केली. पण त्यासाठी एकमेकांशी भांडावं लागलं, रडावं लागलं, आणि त्याची तयारी कुणी करून दिली नव्हती.

आता दुसरं वर्ष.

पहिल्या वर्षी काटा खाली येत राहतो, लोक कौतुक करत राहतात, तपासणीला जायला हुरूप असतो. दीड वर्षाच्या आसपास भूक परत यायला लागते. पूर्वीसारखी नाही, पण येते. पोट थोडं जास्त घ्यायला लागतं. कौतुकही थांबतं, कारण लोकांना तुमच्या नव्या रूपाची सवय झालेली असते. आणि एक दिवस काटा वर सरकतो. माझा 4 किलोंनी सरकला. मी तपासणीची तारीख टाळली. मग पुढचीही टाळली. आठ महिने मी तिकडे फिरकले नाही. मनात एकच, मी ऑपरेशन वाया घालवलं.

स्वीडनमध्येच 1987 साली एक मोठा अभ्यास सुरू झाला आणि ऑपरेशन झालेल्या लोकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत कमी होतं, मूळ वजनापेक्षा सरासरी 32 टक्क्यांनी. दहा वर्षांनी हा आकडा 25 टक्के होता. म्हणजे थोडं वजन परत येणं हे बहुतेकांच्या वाट्याला येतंच, आणि तरीही त्यांनी कमावलेलं बरंचसं टिकलं. त्याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाणही कमी आढळलं. हे मला ऑपरेशनआधी कुणीतरी समोर बसवून सांगितलं असतं तर ते आठ महिने मी तोंड लपवत काढले नसते. 32 चे 25 होणं म्हणजे अपयश, असं मी स्वतःच ठरवून बसले होते.

माझी तक्रार आहे ती इथे. ऑपरेशनआधी माहिती, समुपदेशन, फोन, सगळं मिळतं. पहिले सहा महिने आठवणीने बोलावतात. आणि नेमकी ज्या वेळी भूक परत येते, नाती ताणलेली असतात, मन खचतं, तेव्हा फोन येणं बंद होतं आणि आपणही जाणं बंद करतो. ऑपरेशननंतर नैराश्य येणाऱ्यांची, स्वतःला इजा करून घेणाऱ्यांची संख्या दुर्लक्ष करण्याजोगी नाही, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी न आलेल्या माणसाला "का आला नाहीत" असा एक फोन का जाऊ नये? घरच्यांनीही "किती कमी झालं?" यापलीकडे काही का विचारू नये?

आठ महिन्यांनी मी गेले तेव्हा कुणी रागावलं नाही. आहारतज्ज्ञ ताईंनी विचारलं, संध्याकाळी काय खाता? बिस्किटं, मी म्हटलं. चहासोबत, दोन-चार. त्यांनी समजावलं की असे पदार्थ तोंडात विरघळतात आणि त्या छोट्या पिशवीतून पटकन खाली सरकतात. पोट भरल्याचं कळतच नाही, म्हणून कितीही खाल्ले जातात. अंड्याचे, मांसाचे, घट्ट दह्याचे चार घास मात्र तासन्तास पुरतात. मग परत प्रथिनं आधी, दिवसाला 60 ग्रॅमच्या वर. चालण्याच्या जोडीला वजनं उचलायला सांगितली, कारण उतरलेल्या किलोंमध्ये चरबीसोबत स्नायूही गेलेले असतात. रक्ततपासणीत लोह खूप खाली निघालं. मी ज्याला आळस म्हणत होते तो आळस नव्हता. त्याच दिवशी समुपदेशकांचीही वेळ मिळाली. तिथे पहिल्यांदाच मी कबूल केलं की संध्याकाळी मला भूक लागत नाही, एकटं वाटतं. पूर्वी ते खाण्याने भरायचं. ऑपरेशनने ती सोय काढून घेतली आणि त्या जागी काही ठेवलं नाही.

त्यातले अडीच किलो नंतर उतरले, दीड राहिले. ठीक आहे मला ते.

मैत्रिणीला हे सगळं सांगून झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिथे वजन करताना आकडा मोठ्याने सांगतात का गं?" मी म्हटलं, "नको असेल तर आधीच सांगायचं. काट्यावर पाठमोरं उभं राहिलं तरी चालतं, मी राहिले होते." गुरुवारची वेळ घेतलीय आम्ही. तिने रक्ततपासणीचे जुने कागद शोधून ठेवलेत, आणि मी सोबत जातेय.