लोआल्वानं चोरी केली नव्हती

नमस्कार. 'लंबाडा' हे गाणं गाणाऱ्या ब्राझीलच्या लोआल्वा ब्राझवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'चोरीच्या गाण्यावर नाव कमावलेल्या आणि उभ्या जन्मात एकच गाणं गाजलेल्या बाईवर एवढा लांब लेख कशाला?' असं तुम्ही विचारलं आहे. त्यातला चोरीचा भाग खरा आहे, म्हणून आधी त्याबद्दल.

'लंबाडा'ची चाल बोलिव्हियातल्या लोस कार्कास या गटाची. उलिसेस आणि गोन्झालो एर्मोसा या भावांचं ते गाणं १९८१ मध्ये आलं. १९८६ मध्ये ब्राझीलच्या मार्सिया फेरेरानं ते पोर्तुगीजमध्ये गायलं. १९८९ मध्ये, लोआल्वा ज्यात गायची त्या काओमा या फ्रेंच बँडच्या रेकॉर्डवर तीच चाल आणि तेच पोर्तुगीज शब्द आले, पण रचनाकार म्हणून नाव छापलं होतं 'चिको दि ओलिवेरा'. असा कुणी माणूसच नव्हता. फ्रेंच निर्माता ओलिव्हिए लोर्साकनं घेतलेलं ते नाव. एर्मोसा बंधूंना स्वतःच्याच चालीसाठी कोर्टात जावं लागलं. माझ्या लेखात यातलं अक्षरही नव्हतं, आणि ती माझी चूक आहे.

पण हा हिशेब लोआल्वा ब्राझच्या नावावर का मांडायचा? गाण्याच्या रचनाकारांत तिचं नाव कधीच नव्हतं. ती गायिका होती. रिओत वाढलेली, वडील वाद्यवृंद संचालक, आई पियानोवादक, स्वतः लहानपणापासून पियानोवर बसलेली. १९८५ मध्ये ती पॅरिसला गेली. 'लंबाडा' आलं तेव्हा छत्तीस वर्षांची होती, म्हणजे कुणी रस्त्यावरून उचलून माइकसमोर उभी केलेली पोर नव्हे.

आणि तिनं काय गायलं ते ऐका. ज्यानं एके काळी मला फक्त रडवलं तो रडत निघून गेला, अशी त्या गाण्याची सुरुवात आहे. अकॉर्डियन आणि ताल पायांना ओढत असतात, पण तिचा आवाज त्या उत्साहात वाहून जात नाही. 'शोरांदो' (रडत) हा पहिलाच शब्द ती सरळ, भरल्या गळ्यानं लावते. मुरकी नाही, लाडिकपणा नाही. नाच आणि रडणं एकाच वेळी चालू राहतं. फ्रान्समध्ये हे गाणं बारा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, आणि माझ्या मते निम्मं श्रेय या आवाजाचं आहे. आपल्याकडे १९९० च्या 'घायल'मध्ये बप्पी लाहिरींनी हीच चाल घेतली. तिथे शब्द आले 'सोचना क्या, जो भी होगा देखा जाएगा'. चाल राहिली, विरह गेला. आमच्या गल्लीतल्या वरातीत बँडवाल्यांनी ते वाजवलं तेव्हा मीही नाचलो, आणि हे रडण्याचं गाणं आहे हे मला पुढे कित्येक वर्षांनी, तिचं मूळ रेकॉर्डिंग ऐकताना कळलं. लेख त्यासाठी लिहिला.

एकच गाणं म्हणाल, तर तिच्या आवाजातलं काओमाचं पुढचं गाणंही युरोपात चाललं. आणि नसतं चाललं तरी माझं मत बदललं नसतं.

'तिच्या मृत्यूमुळे आलेली सहानुभूती' हे तुमचं वाक्य मात्र मला लागलं. जानेवारी २०१७ मध्ये ब्राझीलमधल्या साक्वारेमा इथे तिचा खून झाला. पकडलेल्यांत तिच्याच अतिथीगृहात पूर्वी काम केलेला एक जण होता. लेखात मी तो प्रसंग दोन ओळींत आटोपला, कारण मला तिच्या गाण्याबद्दल लिहायचं होतं.

एर्मोसा बंधू आणि मार्सिया फेरेरा यांच्याबद्दलचा मजकूर आज लेखाच्या सुरुवातीलाच जोडला आहे. बाकी एकही वाक्य मागे घेतलेलं नाही.