गिटारचा नट न विचारता बदलला ही चूक आमची. बाकीचं कारणासह सांगतो

नमस्कार,

दोन तारे देऊन तुम्ही लिहिलेला अभिप्राय दोनदा वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सात हजारांना घेतलेल्या जुन्या गिटारवर आम्ही ८,६५० रुपयांचं बिल केलं. तुम्ही आणून दिलेला पितळी ब्लॉकचा ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) बसवला नाही. नट, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्यात बसतात ती खाचांची पट्टी, न विचारता बदलला. फ्रेट, म्हणजे मानेवरच्या (नेकवरच्या) धातूच्या आडव्या पट्ट्या, ‘नुसते घासले’. पिकअप (तारांचा आवाज पकडणारे भाग) नवे टाकूनही हम, म्हणजे सततची गुणगुण, येतो, आणि एप्रिलमध्ये केलेला सेटअप (तारा आणि नेक यांचा साधलेला तोल) जुलैत, नऊ नंबरच्या बारीक नव्या तारा लावल्यावर, बिघडला. शेवटी लिहिलंय की यापेक्षा नवी गिटार घेतली असती तर बरं झालं असतं.

आधी नटबद्दल, कारण तिथे तुमचं पूर्णपणे बरोबर आहे. ठरलेल्या कामाबाहेर काही निघालं तर गिऱ्हाइकाला फोन करायचा आणि होकार आल्याशिवाय हात लावायचा नाही, हा आमच्या दुकानाचा नियम आहे. त्या दिवशी तुम्हाला एकदा फोन केला, तो लागला नाही, आणि गिटार टेबलावर उघडीच होती म्हणून आम्ही काम पुढे नेलं. असं करायला नको होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करता आला असता. नटाचे ९०० रुपये तुम्हाला परत मिळतील. नवा हाडाचा नट गिटारवरच राहू द्या. जुना प्लास्टिकचा नट तुमच्या नावाच्या पाकिटात जपून ठेवला आहे, तोही घेऊन जा.

नट का बदलावासा वाटला, तेही सांगतो. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटच्या वर पाहिलं तर केसाएवढी फट दिसायला हवी. तुमच्या पहिल्या तारेखाली फटच नव्हती, तार फ्रेटला टेकलेली होती. त्यामुळे मोकळी तार छेडली की बझ, म्हणजे खरखर, यायचा. तिसरी तार उलट खाचेत अडकत होती. ट्यून करताना ‘टिंग’ असा आवाज यायचा आणि सूर एकदम उडी मारायचा. तुम्ही त्यावर उपाय म्हणून लॉकिंग (तार जखडून धरणाऱ्या) खुंट्या मागत होता. मी काउंटरवर नको म्हटलं ते याचसाठी: तुमच्या खुंट्या घट्ट होत्या, तार नटात अडत होती. तीन-चार हजारांच्या खुंट्या लावूनही ती तिथेच अडली असती.

आता ब्रिज. तो बसवला नाही हे खरं, आणि कारण गिटार परत देताना आम्ही तोंडी सांगितलं, पण दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं. स्ट्रॅटच्या (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या) धाटणीच्या गिटारींचे ब्रिज लांबून सारखे दिसतात, पण त्यांची दोन वेगळी मापं बाजारात आहेत. पुढच्या सहा स्क्रूंमध्ये पहिल्यापासून शेवटच्यापर्यंतचं अंतर तुम्ही आणलेल्या ब्रिजवर ५६ मिमी आहे. तुमच्या गिटारवर ते ५२.५ मिमी आहे. साडेतीन मिलिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण नवी भोकं जुन्या भोकांना अर्धवट छेदत पडतात, म्हणून आधी सगळी भोकं कठीण लाकडाच्या खुंट्यांनी बुजवायची आणि मग नव्याने पाडायची. हे काम आम्ही करतो. पण ते केल्यावरही तुमच्या तारा ब्रिजपाशी जास्त फाकल्या असत्या, आणि तुमचा नेक अरुंद आहे. वरच्या फ्रेटवर पहिली तार कडेवरून घसरायला लागली असती. शिवाय तुमच्या गिटारची बॉडी नेहमीच्या ४५ मिमीपेक्षा पातळ आहे. ब्रिजखाली बॉडीत उतरणारा तो पितळी ब्लॉक पूर्ण उंचीचा आहे, तो मागून बाहेर डोकावला असता. ब्रिज नवा आहे, एकदाही बसवलेला नाही. जिथून घेतला तिथे परत करता आला तर पहा. माप लिहून हवं असेल तर मी लिहून देतो.

‘फ्रेट नुसते घासले’ हे वाचून मात्र वाईट वाटलं, आणि त्या ३,२०० रुपयांबद्दल मी माघार घेणार नाही. तुमच्या गिटारवर आधीच्या मालकाने बरीच वर्षं मोकळे कॉर्ड वाजवलेले दिसत होते. पहिल्या तीन फ्रेटवर दुसऱ्या-तिसऱ्या तारेखाली खळगे पडले होते, आणि चौदावा फ्रेट थोडा वर उचललेला होता. त्यामुळेच बाराव्या फ्रेटवर तार ओढली की आवाज मध्येच मरायचा. तुम्ही स्वतः ते वाजवून दाखवलं होतं. अशा वेळी काय करायचं, तर आधी नेक सरळ करायचा, सगळ्या फ्रेटच्या माथ्यावर मार्करची शाई लावायची आणि सरळ पट्टीवर पॉलिश पेपर चिकटवून हलक्या हाताने फिरवायचा. शाई जिथे उडते तो फ्रेट उंच, जिथे राहते तो खाली. सगळीकडची शाई सारखी उडेपर्यंत थांबत थांबत जायचं. मग प्रत्येक फ्रेटचा माथा सपाट झालेला असतो, तो अर्धगोल कानशीने पुन्हा गोल करायचा, नाहीतर सूर लागत नाही. त्यानंतर चढत्या नंबरचे कागद आणि शेवटी पॉलिश. तुमच्या गिटारला बावीस फ्रेट आहेत. एकेकाला हात लावावा लागतो.

मिरजेच्या कारागिरांना तंबोऱ्याची जवारी काढताना मी तासन् तास बसून पाहिलं आहे. तिथे घोडीचा माथा असा घासतात की तार तिला हलकेच चाटत राहावी आणि नाद उमलावा. आमच्या कामात उलटं साधायचं असतं: दाबलेल्या फ्रेटखेरीज तार कशालाच लागता कामा नये. पण हाताची कसोटी तीच आहे. जास्त निघालं तर परत घालता येत नाही. त्याला नुसतं घासणं म्हणू नका, एवढी विनंती आहे.

हमबद्दल. तुम्ही घेतलेले पिकअप चांगले आहेत, पण ते सिंगल कॉइल आहेत. तारेच्या एकाच वेटोळ्यामुळे ते गिटारच्या तारांबरोबर घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचं चुंबकीय क्षेत्रही पकडतात. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली तेव्हापासून हा हम तिच्यासोबत आहे, आणि तो घालवण्यासाठीच गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन उलट्या वेटोळ्यांच्या हमबकर पिकअपच्या पेटंटसाठी अर्ज केला. आम्ही आत लावलेली तांब्याची पट्टी बारीक चरचर कमी करते. चुंबकीय हम ती अडवू शकत नाही, आणि हे मी काम घेताना पुरेसं स्पष्ट सांगितलं नाही असं आता वाटतं. तुमच्या सेटमधला मधला पिकअप उलट वेटोळ्याचा आहे, म्हणून पिकअप निवडायचा स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी ठेवलात तर हम जवळजवळ जातो. घरी करून पहा. पंख्याचा रेग्युलेटर आणि लॅपटॉपचा चार्जर बंद करून, जागच्या जागी वळूनही पहा. एखाद्या दिशेला आवाज निम्म्यावर येईल.

पण तुमच्या व्हिडिओत मला एक गोष्ट दिसली आणि तिची काळजी वाटते. तुमच्या अ‍ॅम्पची तीन पिनांची वायर दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावलेली आहे. म्हणजे अर्थिंग तुटलेलं आहे. आवाज वाढतो ही त्यातली लहान गोष्ट. गिटारच्या तारा ब्रिजमार्गे अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, आणि अ‍ॅम्पमध्ये काही बिघाड झाला तर वीज तुमच्या बोटांपर्यंत येऊ शकते. तो अडॅप्टर आजच काढा.

राहिला सेटअप. एप्रिलमध्ये पुण्याची हवा कोरडी असते, जुलैत ओल भिंतीत उतरते. लाकूड ती ओल घेतं आणि नेक हलतो, हे कोणत्याही गिटारला होतं. पण तुमच्या बाबतीत त्याहून मोठं कारण तुमच्याच अभिप्रायात आहे. आम्ही गिटार १०-४६ च्या जाड तारांवर बसवली होती (हे आकडे पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात). त्या तारा सुरात आणल्या की नेकवर मिळून सुमारे ४७ किलोचा ताण असतो. नऊच्या सेटचा ताण ३८ किलोच्या आसपास येतो. आठ-नऊ किलो एकदम उतरले. नेकमधला ट्रस रॉड (नेकचा वाक सांभाळणारी सळई) मात्र जुन्याच ताणाला तोलून घट्ट केलेला होता, त्याने नेक जास्त सरळ केला. बॉडीच्या मागच्या, ब्रिजला ओढून धरणाऱ्या स्प्रिंगाही तेवढ्याच जोराने ओढत राहिल्या. आम्ही मागून तीन मिमी उचलून ठेवलेला ब्रिज त्यांनी खाली बसवला, आणि त्याबरोबर सॅडलही (ब्रिजवर तारा ज्यांवर टेकतात ते तुकडे) उतरली. पहिल्या चार फ्रेटवर, पाचव्या-सहाव्या तारेवर बझ येतो असं तुम्ही लिहिलंय, ते अगदी याच चित्राशी जुळतं.

तुमच्या कार्डावर आम्ही तारांचा नंबर, नेकची ०.२५ मिमी वाक आणि अ‍ॅक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) लिहून दिली होती. नंबर बदलला तर सगळा तोल पुन्हा साधावा लागतो, हे वाक्य त्यावर नव्हतं. आता नव्या कार्डांवर ते पहिल्याच ओळीत छापून घेतो आहे.

नवी गिटार घेतली असती, या तुमच्या वाक्यावर मी बराच विचार केला. विकायच्या हिशोबाने पाहिलं तर हे पैसे वसूल होणार नाहीत, आणि ते मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तरीही मी काम घेतलं, कारण तुमच्या गिटारचा नेक पिळलेला नव्हता आणि ट्रस रॉड दोन्ही बाजूंना मोकळा फिरत होता. रॉड जाम असलेल्या कितीतरी जुन्या गिटारी मी हात न लावता परत पाठवतो. तुमच्या गिटारचं लाकूड चांगलं निघालं. आणि पंधरा हजारांच्या नव्या गिटारचेही नट आणि फ्रेट मी रोज टेबलावर दुरुस्त करतो. हा तुलनेचा भाग तुम्ही स्वतः वाजवून ठरवा.

मंगळवार ते शनिवार, अकरा ते सात, कधीही या. नऊच्या तारा तुम्हाला बोटांना बऱ्या वाटत असतील तर त्याच ठेवू आणि गिटार त्यांच्यावर बसवून देऊ. पैसे घेणार नाही. एक रात्र गिटार दुकानात ठेवावी लागेल, कारण रॉड फिरवल्यावर नेकला स्थिरावायला वेळ द्यायचा असतो. पाऊस असेल तर गिग बॅगवर प्लास्टिक घाला, आणि तोपर्यंत अ‍ॅलन कीने रॉड स्वतः फिरवू नका. समोर बसलात तर पाव फेरा कसा आणि कुठल्या बाजूला द्यायचा ते मी तुमच्याच हाताने करून घेईन. ९०० रुपये काउंटरवर काढून ठेवले आहेत. येताना अ‍ॅम्पची वायरही आणा. तिची पिन तपासून देतो, आणि घरातल्या बोर्डाला अर्थिंग आहे का हे इलेक्ट्रिशियनकडून कसं पाहून घ्यायचं तेही सांगतो.