हत्तीच्या पायजम्याचं कुलदैवत

गोव्यात नवा माणूस भेटला की नावाची घाई कुणालाच नसते. पहिला प्रश्न, 'तूं खंयचो?' मग वाडा, मग घर, आणि मग देव कुठला. माणूस तीन पिढ्या गिरगावात भाडं भरत असला तरी त्याचा कुलदेव फोंड्यातच बसलेला. कस्टमवाले कपड्यांच्या पेटीला नेमकं हेच विचारतात आणि कस्टममधून माल सोडवून देणाऱ्या आम्हा क्लिअरिंगवाल्यांचं पोट त्या उत्तरावर चालतं.

चतुर्थी उरकली की किनाऱ्यावरचे दुकानदार येऊ लागतात. 'पात्रांव, बँकॉकहून ते हत्तीच्या छापाचे ढगळ पायजमे आणायचेत. ड्युटी किती?' हे म्हणजे म्हापशाच्या बाजारात उभं राहून 'नुस्तें कितलें?' विचारण्यासारखं. बांगडा की इसवण, ते आधी सांगा!

पहिला सवाल, कापड विणलेलं की होजिअरीचं? टी-शर्टासारखं फासाफासांचं असेल तर टॅरिफचं, म्हणजे कस्टमच्या दरपुस्तकाचं, प्रकरण ६१, मागावरचं उभं-आडवं असेल तर ६२. भिंगाखाली धरलं की कळतं. दुसरा सवाल, सूत कसलं? वजनात जे जास्त, त्याच्या नावावर सगळा कपडा. कापूस आणि पॉलिएस्टर अगदी निम्मे-निम्मे असले तर यादीत जे मागून येतं ते जिंकतं, म्हणजे पॉलिएस्टर. तिसरा सवाल नाजूक. पुढून बंद करताना डावी बाजू उजवीवर येत असेल तर तो पुरुषाचा, उजवी डावीवर आली तर बाईचा. कापावरून स्पष्ट दिसत असेल तर गोष्ट वेगळी. पण काहीच ठरेना, तर सरळ बायकांच्या शीर्षकात टाकायचा. हत्तीच्या पायजम्याला ना बटण ना चेन, नुसतं इलॅस्टिक. हणजुण्याच्या वाळूवर सहा फुटी दाढीवाला तो घालून पडलेला असला, तरी कायद्याच्या लेखी बायकी पायजमा, शीर्षक ६२०४.

टॅरिफ लिहिणारा माणूस हाडाचा शिंपी असावा. होजिअरीच्या शर्टाला कमरेखाली खिसा असला की तो शर्टांच्या शीर्षकातून बाद. १० सेंटिमीटर लांब-रुंद तुकड्यावर टाके मोजायचे. दर सेंटिमीटरला सरासरी १० भरले नाहीत तरी बाद. आणि बाळ कोणाला म्हणायचं? ८६ सेंटिमीटर उंचीपर्यंतचं. सत्त्याऐंशी झालं की संपलं बाळपण.

आता पैसे. साधा २० टक्के दर लागतो असं धरा. शंभराच्या मालावर २० मूळ ड्युटी, तिच्यावर, मालावर नव्हे, १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे २, झाले १२२. त्यावर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून नग २,५०० रुपयांपर्यंतचा असेल तर ५ टक्के, वर १८. पाचने ६ रुपये १० पैसे, एकूण २८.१०. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, बाकीचे २२ गेले ते गेले. आणि शंभर म्हणजे कारखान्याची किंमत नव्हे, त्यात भाडं आणि विमा धरायचा. विम्याचा कागद नसेल तर कस्टम एफओबीच्या (तिकडे जहाजावर चढेपर्यंतची किंमत) १.१२५ टक्के धरतं, भाड्याचा नसेल तर २० टक्के. कागद हरवणं महागात पडतं ते असं.

खरी मेख पुढे आहे. कित्येक कपड्यांपुढे लिहिलेलं असतं, 'इतके टक्के किंवा नगामागे इतके रुपये, जे जास्त असेल ते'. समजा रुपयांचा आकडा १०० आहे आणि पायजमा ८० चा. म्हणजे कपड्याहून ड्युटी महाग! स्वस्त मालाला हाच दर चावतो, म्हणून ऑर्डर देण्याआधी आठ आकडी कोड काढून ती ओळ वाचा. नंतर वाचण्यात फक्त साहित्यिक आनंद.

इथे कुलदैवत कामाला येतं. १ जानेवारी २०१० पासून आसियान देशांशी (थायलंड त्यातलाच) आपला व्यापार करार आहे. सवलत किती आणि कुठल्या कोडला, ते कस्टमच्या अधिसूचना ४६/२०११ च्या तक्त्यात. पण नुसती थायलंडहून पेटी आली म्हणून पायजमा थाई होत नाही. एफओबीच्या निदान ३५ टक्के किंमत आसियानमधली हवी आणि कापडाचा सहा आकडी कोड बदललेला हवा. कापडाचा पायजमा केला की कोड बदलतोच. अडतं ते ३५ वर. २०० रुपयांच्या पायजम्यात चिनी कापड, इलॅस्टिक, दोरा मिळून १३० पर्यंत चालेल. १४० झालं की पायजमा चिनी नसला तरी थाईही उरत नाही. इस्त्री, घडी, लेबल, पिशवी यांनी कूळ बदलत नाही. वाटेत दुबईत पेटी फोडून नव्याने बांधली, तर मूळचा थाईसुद्धा बाटला.

हे कूळ सांगणाऱ्या प्रमाणपत्राचं नाव फॉर्म एआय. त्यात अडतं ते क्षुल्लकावर: सही नमुन्याशी जुळत नाही, बिलाचा नंबर एका आकड्याने चुकतो, त्यावर कोड ६२०३, म्हणजे पुरुषी, आणि आपल्या बिल ऑफ एंट्रीत, म्हणजे माल सोडवायच्या अर्जात, ६२०४ (दाढीवाला आठवला ना?), किंवा माल निघून गेल्यावर उशिरा काढलेल्या कागदावर तसा शेराच नाही.

२१ सप्टेंबर २०२० पासून कारोटारचे, म्हणजे मालाचं कूळ सिद्ध करायचे, नियम आले आणि जबाबदारी दुकानदाराच्या गळ्यात पडली. कापड कुठलं, किती टक्के, कारखान्यात काय झालं, हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे आणि कागद पाच वर्षं जपायचे. अधिकाऱ्याने विचारलं तर कामाचे दहा दिवस. तोवर माल हवा असेल तर साध्या आणि सवलतीच्या ड्युटीतल्या फरकाइतकी हमी भरा. 'सप्लायर सांगतो ना थाई आहे' हे उत्तर चालत नाही. गोवा मुक्तीआधी कुळे स्टेशनावर पोर्तुगीज कस्टमवाले ट्रंका उघडायचे. आता ट्रंक बंद ठेवूनच कूळ विचारतात.

'मग बांगलादेशचं आणूया, साफ्टात ढील आहे.' आहे, दक्षिण आशियाई देशांच्या त्या व्यापार करारात बांगलादेशला साधारण नियमात बाहेरचा माल ७० टक्क्यांपर्यंत चालतो. पण १७ मे २०२५ पासून बांगलादेशचे तयार कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातून येतात. मुरगावचं हार्बर डोळ्यांसमोर असलं तरी तुमचा शर्ट आधी उरणला उतरणार आणि मग पत्रादेवी नाक्यावरून ट्रकात डुलत येणार.

बाकी किरकोळ. आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा परवाना क्रमांक, ५०० रुपयांत मिळतो. घातक अझो रंग नसल्याचा दाखला तिथल्या मान्यताप्राप्त लॅबचा आणा, नाहीतर नमुने इथे तपासणीला जातात आणि गोदामाचं भाडं चढत राहतं. बिल ऑफ एंट्री माल यायच्या आदल्या दिवसापर्यंत टाका. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,०००, पुढे रोज १०,०००. संक्रांतीला हंगाम अर्धा सरला तरी पेटी अडकलेली असण्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

एवढं करून पायजमा दुकानात टांगला की दुकानदार म्हणतो, यावर 'गोवा' छापून घेतो, म्हणजे तो इथला होईल. छापा की. छपाईने शीर्षक बदलत नाही. ढुंगणावर गोवा लिहिलेला तो पायजमा थाईच राहतो. दाढीवाला तो गोव्याची आठवण म्हणून बॅगेत भरून मॉस्कोला घेऊन जातो.