तो मगर पकडणारा प्राणी आपल्याकडचा बिबट्या नाहीये

नदीत उडी मारून मगर मानेला धरून बाहेर ओढणाऱ्या ठिपकेवाल्या प्राण्याचा व्हिडिओ "कोयनेकाठचा बिबट्या" म्हणून फिरतोय, तर कृपया पुढे पाठवू नका, तो जॅग्वार आहे आणि जॅग्वार जंगलात फक्त अमेरिका खंडात सापडतो, भारतात नाहीच. असे व्हिडिओ बहुतेक ब्राझीलच्या पांतानाल पाणथळीतले असतात, तिथे पोर्तो जोफ्रे भागात टुरिस्ट बोटीतून त्यांना बघतात. पकडलेली ती मगरसुद्धा आपली नाही, ती कैमन, म्हणजे तिकडची मगरीच्या कुळातली जात.

ओळखायचं कसं? अंगावरची गोलं नीट बघा, जॅग्वारच्या गोलांच्या आत अजून बारीक काळे ठिपके असतात, बिबट्याची गोलं बहुतेक आतून रिकामी. शिवाय जॅग्वार अंगाने जाडजूड, डोकं मोठं, शेपूट तुलनेने आखूड, आणि जबडा इतका ताकदवान की तो कवटीतच दात रुतवून शिकार मारतो, वाघ-बिबट्यासारखी बाकी मोठी मांजरं शक्यतो गळा धरतात.

आणि खरं सांगायचं तर ह्या प्राण्याची स्वतःची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. त्याचा जवळपास निम्मा मूळ प्रदेश गेलाय, 2020 च्या आगीत पांतानालचा साधारण पाव भाग जळाला, गुरं मारतो म्हणून लोक त्याला गोळ्या घालतात. पण अर्जेंटिनातल्या ज्या इबेरा पाणथळीतून तो कित्येक दशकं नाहीसा झाला होता, तिथे 2021 मध्ये मादी आणि तिची दोन पिल्लं सोडली, आता तिथे जंगलातच जन्मलेली पिल्लं आहेत, हे शेअर करा ना!