अंदमानात ‘फक्त देशभक्त’ नव्हते

दर वर्षी २८ मे आणि १५ ऑगस्ट जवळ आले की एक फॉरवर्ड हमखास येतो. सेल्युलर जेलचा फोटो आणि खाली मजकूर: ‘अंदमान निर्जन होतं. इंग्रजांनी फक्त क्रांतिकारकांसाठी तिथे तुरुंग बांधला. गेलेला एकही कैदी जिवंत परतला नाही. आजची सगळी वस्ती स्वातंत्र्यानंतरची.’ पाठवणाऱ्याची भावना खरी असते. वाक्यं मात्र चारही चूक आहेत.

आधी तुरुंगाचं बघू. अंदमानची कैद्यांची वसाहत सुरू झाली मार्च १८५८ मध्ये. वसाहतीचा अधीक्षक डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर दोनशे कैदी घेऊन तिथे उतरला आणि हे कैदी सत्तावन्नच्या उठावातले होते, एवढं फॉरवर्डच्या बाजूने खरं. पण सेल्युलर जेलचं काम सुरू झालं १८९६ मध्ये आणि पुरं झालं १९०६ मध्ये. मधली जवळजवळ चाळीस वर्षं कैदी होते, हा तुरुंग नव्हता. मग बांधला कशासाठी? १८९० मध्ये लायल आणि लेथब्रिज या दोन अधिकाऱ्यांनी वसाहतीची पाहणी केली आणि सरकारला कळवलं की काळ्या पाण्याचा धाक उरलेला नाही, देशातल्या तुरुंगापेक्षा कैद्यांना अंदमान बरं वाटतं. तेव्हा नव्या कैद्याला सुरुवातीला एकट्याला कोंडून ठेवा, अशी शिफारस झाली. त्यातून तो सात पाखांचा तुरुंग उभा राहिला, तोही कैद्यांच्याच हातांनी. कोठड्या सातशेच्या आसपास. १९०१ मध्ये बेटावर कैदी होते बारा हजारांच्या घरात. बाकीचे कुठे राहत होते, हा प्रश्न फॉरवर्ड लिहिणाऱ्याला पडलाच नाही.

ते राहत होते बराकींत आणि गावांत. बहुतेक जण खून-दरोड्याचे जन्मठेपवाले, देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची शिडी अशी होती: सहा महिने सेल्युलरमध्ये, दीड वर्ष दुसऱ्या तुरुंगात, मग तीन वर्षं दिवसा मजुरी आणि रात्री बराकीत बंद. पुढची पाच वर्षं काम जरा हलकं आणि हातात थोडा भत्ता. दहा वर्षं नीट काढली की ‘तिकीट’ मिळे. मग कैदी गावात राही, शेती करी, गुरं पाळी, लग्नही करू शके. बायकांचा तुरुंग वेगळा होता. पाच वर्षांनी त्यांना लग्नाची परवानगी मिळे, आणि तिथून बाहेर पडण्याच्या वाटा दोनच: कुणाच्या घरी चाकरी किंवा नवरा. याला सुखाचा संसार म्हणायचं धाडस मी करणार नाही. पण या लग्नांतून एक समाज जन्माला आला, हे नाकारता येत नाही. प्रांत आणि जात मागे राहिली, घरची बोली हिंदुस्थानी झाली. मुलं कैदी नव्हती, स्वतंत्र होती. त्यांना तिथे ‘लोकल बॉर्न’ म्हणतात.

कैद्यांवर देखरेखही कैद्यांचीच होती. वॉर्डर, पेटी ऑफिसर, टिंडल, जमादार हे सगळे शिक्षा भोगत वर चढलेले. सावरकर बंधूंना आणि नाशिकच्या वामनराव जोशींना जे पेटी ऑफिसर छळत, ते स्वतः गळ्यात कैद्याचा बिल्ला घालून आलेले होते. कोलूवर, म्हणजे तेलाच्या घाण्यावर, दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायचं, कमी भरलं की शिक्षा. विनायक सावरकर १९११ मध्ये तिथे पोचले. त्यांच्या बरोबर आलेले साधे कैदी सहा महिन्यांनी बाहेर पडले आणि हे आतच राहिले. राजबंद्यांचा खास छळ काय होता तो इथे दिसतो. इतरांना असलेली शिडी त्यांच्यासाठी काढून घेतली होती. सगळेच देशभक्त होते म्हटलं की हा फरकच पुसला जातो.

उलट बाजूने शेर अली आफ्रिदी बघा. खुनाची शिक्षा झालेला हा पठाण पोर्ट ब्लेअरजवळच्या होपटाउनला न्हावीकाम करत मोकळा फिरत होता. म्हणूनच ८ फेब्रुवारी १८७२ रोजी त्याला व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला भोसकता आलं.

कुणी परतला नाही? सावरकर बंधू १९२१ मध्ये परतले. वहाबी खटल्यातले मौलाना जाफर थानेसरी १८६६ मध्ये गेले आणि १८८३ मध्ये बायकामुलांसह आले. शेवटचे राजबंदी १९३८ मध्ये मुख्य भूमीवर आणले गेले. मेलेही पुष्कळ. पहिल्याच काही महिन्यांत वॉकरने पळून जाताना सापडलेल्या ऐंशीहून अधिक कैद्यांना फाशी दिलं. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह, मोहन किशोर नमोदास आणि मोहित मोइत्रा गेले. त्यांचं मोठेपण सांगायला ‘एकही नाही’ची फोडणी लागत नाही. (जाता जाता: वासुदेव बळवंत फडके एडनला होते आणि टिळक मंडालेला. त्यांनाही अंदमानला धाडणारे फॉरवर्ड आहेत.)

‘निर्जन’ हा शब्द मला सगळ्यात खटकतो. १८५८ मध्ये ग्रेट अंदमानी लोक काही हजार होते. १८५९ मध्ये पोर्ट ब्लेअरच्या अबर्डीनला ते इंग्रजांशी लढले. दूधनाथ तिवारी नावाचा पळालेला कैदी त्यांच्यात राहिला होता, त्यानेच हल्ल्याची बातमी इंग्रजांना आधी पोचवली. मग वसाहतीतून उपदंश पसरला, १८७७ मध्ये गोवर आला. १९०१ च्या जनगणनेत उरले ६२५. तो तुरुंग ज्या जंगलांच्या जागी उभा राहिला, ती यांची होती.

उरली आजची वस्ती. स्वातंत्र्यानंतर पूर्व बंगालचे निर्वासित मोठ्या संख्येने आले, हे बरोबर. पण १९२१ च्या उठावानंतर मलबारचे मोपला आले, १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून कॅरन आले, संयुक्त प्रांतातून इंग्रजांनी ‘गुन्हेगार जमात’ ठरवलेले भांटू आणले गेले. जपान्यांनी मार्च १९४२ मध्ये बेटं घेतली, त्याआधीपासूनच्या घराण्यांना तिथे ‘प्री-फॉर्टी टू’ म्हणतात. अंदमानच्या ओबीसी यादीत भांटू, मोपला, कॅरन आणि हे लोकल बॉर्न अशी वेगळी नोंदच आहे.