शाळेला भागीदार शोधताना

तुमच्या वाडीतली जिल्हा परिषदेची शाळा गळत असेल तर आधी तुमचं अभिनंदन. शाळा गळकी असल्याशिवाय सार्वजनिक-खासगी भागीदारीत, म्हणजे सरकारी शाळेत खासगी पैसा आणायच्या व्यवहारात, नंबर लागत नाही. ज्यांचं छप्पर अजून धड आहे, त्यांनी एप्रिलात दोन वासे काढून ठेवायला हरकत नाही.

मग जागा बघा. शाळा सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या कातळमाळावर असेल, एसटी दिवसातून दोनदाच येत असेल, तर फार आशा धरू नका. तिथली मुलं हुशार असली तरी तिथून समुद्र दिसत नाही. किनाऱ्याला लागून, माडांच्या बनात, दारापर्यंत गाडी जाईल अशी शाळा असेल तर भागीदार स्वतःहून येतो. तो पट विचारत नाही, क्षेत्रफळ विचारतो. त्याला सातबारा दाखवू नका. जागा कुणाच्या तरी आजोबांनी तोंडी दिलेली, आणि उताऱ्यावर अजून त्यांचे सगळे वारस, निम्मे डोंबिवली-नालासोपाऱ्याला. म्हणजे भागीदार आपल्याकडे आधीच पुष्कळ आहेत, फक्त गणपतीशिवाय एकत्र येत नाहीत.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीवर नजर असेल तर २०१३ चा कंपनी कायदा वाचून ठेवा. ठरावीक उलाढालीच्या किंवा नफ्याच्या वरच्या कंपनीनं सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करायचे, आणि जिथे कामकाज चालतं त्या परिसराला प्राधान्य द्यायचं. तुमच्या परिसरात कंपनीच नसेल तर आधी एखादा रासायनिक कारखाना मागवा. खाडीतली मासळी गेली तरी शाळेला रंग मिळेल.

नावाचं आधी ठरवून टाका. राज्य सरकारच्या २०२३ च्या दत्तक शाळा योजनेत ग्रामीण शाळेसाठी पाच वर्षांना ५० लाख आणि दहा वर्षांना एक कोटी असं मूल्य ठरलंय. रोख द्यायची नाही, वस्तू आणि सेवा द्यायच्या, आणि बदल्यात देणगीदाराचं नाव शाळेच्या नावाला जोडता येतं. ज्या आजोबांनी जमीन दिली त्यांचं नाव भिंतीवर कुठेच नाही. ते योग्यच आहे, त्यांनी पाच वर्षांसाठी दिली नव्हती.

आता इमारत. जुनी शाळा चिऱ्याची, वर कौलं. मे महिन्यात शाकारणी व्हायची. बाप्ये छपरावर, कुजलेल्या रिपा बदलायच्या, फुटकी कौलं काढून खाली द्यायची, खालचे धरणार, पोरं चांगली कौलं ओळीनं लावून ठेवणार. पश्चिमेकडच्या पडवीला झापं बांधायची, नाहीतर आषाढातली झड थेट फळ्यावर. दुपारी कुणाच्या तरी घरून पेज आणि सुक्या बांगड्याची किसमूर यायची. या सगळ्याची कुठेच नोंद नाही, निविदा नाही, फोटोसुद्धा नाही, त्यामुळे हा लोकसहभाग धरला जात नाही. सादरीकरणात या रकान्यात शून्य लिहा.

नव्या आराखड्यात सपाट स्लॅब आणि दर्शनी भागाला काच असणारच. मान डोलवा. सल्लागार ज्या शहरातून आलाय तिथे पाऊस बातम्यांत पडतो. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटर म्हणजे काय, ते त्याला पहिल्या पावसात स्लॅबच सांगेल. एखादी म्हातारी मध्येच बोलेल, "स्लॅब गळाचो नाय म्हणतास, मगे लोकांच्या घरांवर पत्रे कित्याक?" तिला चहाच्या व्यवस्थेकडे पाठवा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात असं शिक्षण हक्क कायदा सांगतो, तेव्हा चहाला माणसं कमी पडणार नाहीत.

करारातलं दैवी आपत्तीचं कलम मात्र नीट वाचा. वादळ, अतिवृष्टी, सोसाट्याचा वारा यांनी झालेल्या नुकसानीला भागीदार जबाबदार नाही. कोकणात या कलमाला जून ते सप्टेंबर म्हणतात. २०२० चं निसर्ग वादळ आणि २०२१ चं तौक्ते तर पावसाळा सुरू व्हायचीही वाट न बघता आली. परदेशातही हेच. स्कॉटलंडमधल्या एडिनबरात अशाच भागीदारीतून बांधलेल्या एका प्राथमिक शाळेची भिंत जानेवारी २०१६ मधल्या वादळात कोसळली. तपासल्यावर कळलं, भिंत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या नीट बसवल्याच नव्हत्या. पुढे शहरातल्या सतरा शाळा बंद ठेवून तपासाव्या लागल्या. पोरं आत नव्हती हे नशीब. ते कुठल्याही करारात नव्हतं.

पैशाची काळजी तुम्ही करू नका, सरकार करतं. २०२० मध्ये केंद्रानं व्यवहार्यता तफावत निधीची, म्हणजे नुसत्या खासगी पैशावर न परवडणाऱ्या प्रकल्पाला हातभार लावायची, योजना सुधारली. शिक्षण-आरोग्याच्या प्रायोगिक प्रकल्पांना केंद्र आणि राज्य मिळून भांडवली खर्चाच्या ८० टक्क्यांपर्यंत देऊ शकतात. उरलेल्या वीस टक्क्यांना खासगी गुंतवणूक म्हणतात, आणि फीत त्याच वीस टक्क्यांनी कापायची असते. अट एवढीच की चालवण्याचा निदान निम्मा खर्च प्रकल्पातूनच वसूल व्हावा. आता सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिक्षण कायद्यानं मोफत. मग वसुली कुणाकडून? अशा वेळी समुद्र कामाला येतो, शिवाय मे महिन्याची सुट्टी असतेच.

शेवटी पटाचं. गावात पोरं उरली नाहीत तर काय, असं कुणी विचारलंच तर लिव्हरपूलचं उदाहरण द्या. तिथली पार्कलँड्‌स हायस्कूल २०१४ मध्ये बंद झाली, तरी भागीदारीच्या करारापोटी पालिका रिकाम्या इमारतीचे रोजचे सुमारे १२ हजार पौंड भरत राहिली. आपल्याकडे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करायचं, म्हणजे छोट्या शाळा मिळून एक करायचं, २०२३ पासून घाटतंच आहे. तेव्हा शाळा बंद झाल्यावर इमारत कुणाची, हे कलम शोधून ठेवा. सापडलं नाही तर नकाशा बघा. प्रत्येक वर्गाला स्वतंत्र दार, प्रत्येक वर्गाला जोडून न्हाणीघर आणि समुद्राकडे बाल्कनी. पहिलीच्या वर्गाला बाल्कनी कशाला, असं विचारणारा गावात एकतरी निघतोच. त्याला विकासविरोधी म्हणा आणि उद्घाटनाच्या पत्रिकेत त्याचं नाव प्रेषक म्हणून घाला.